विंगेतला जाळ

पहिली थाप धरतीमायला
दुसरी थाप गोदामायला
तिसरी थाप गेलेल्यांला
या रं बाबांनो ऐकायला

हा आवाज स्टेलाने ऐकला तेव्हा ती वडिलांच्या खांद्यावर बसली होती. वडील पुणतांब्याच्या शाळेत मास्तर होते. नदीकाठच्या जत्रेत हलगीवाले उभे राहिले होते, पण हलगी अजून वाजली नव्हती. आधी एकजण गेलेल्या वादकांना नावाने हाका मारत होता. अमक्याचा लेक, तमक्याचा बाप, ये रं ऐकायला. नावं तिच्या लक्षात राहिली नाहीत. राहिला तो आवाज. वाळूतून पाणी झिरपत जावं तसा, आणि 'बाप' म्हणताना दर वेळी जरासा चिरणारा.

आता ती भिंगारच्या ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होती, आणि फोनवर दुसराच आवाज होता. तुपात तळून काढलेला.

"मी डॉ. समर्थ. सह्यगंगा विद्यापीठाच्या प्रयोगकला संकुलाचा संचालक. आज संध्याकाळी आमचं उद्घाटन आहे, आणि रंगमंचाला आग लावलीय. आरोपी सापडलाय. तुम्ही फक्त घेऊन जा."

"न्यायचंच असेल तर टेम्पो बोलवा," स्टेला ओहोळ म्हणाली. "पोलीस विचारायला येतात." चहा तसाच ठेवून ती उठली.

पाथर्डी रस्त्याला माळावर काचेचं पातेलं पालथं घालावं तशी ती इमारत होती. कपाळावर 'नादब्रह्म' लिहिलेलं, अक्षरं अशी मोठी की नादाला आणि ब्रह्माला दोघांनाही संकोच वाटावा. कमानीवर कुलगुरूंचा फोटो. कमानीच्या खांबांवर पुन्हा कुलगुरू. खाली एका कोपऱ्यात जाळावर हलगी शेकणारा एक म्हातारा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्याच्याखाली छापलं होतं, 'मातीचा सुगंध'.

तो सुगंध प्रत्यक्षात फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसवून ठेवला होता. डोक्याला पांढरा पटका, दोन्ही बाजूंना सुरक्षारक्षक. त्याच्या फडातली माणसं थोडी लांब, जमिनीवर. आत खुर्च्यांचे डोंगर रचलेले होते, पण बाहेर एकही आली नव्हती.

दिवाणखान्याएवढ्या प्रवेशदालनात खेड्याचा देखावा उभा केला होता. उसाच्या पाचटाने शाकारलेली खोपी, प्लास्टिकचा बैल, खऱ्या बाजेवर 'बसू नये' अशी पाटी. खोपीच्या एका कडेचं पाचट उपसलेलं होतं. स्टेलाने वाकून पाहिलं आणि पुढे गेली.

आग उजव्या विंगेत लागली होती. मखमली पडद्याचा खालचा कोपरा काळा होऊन आखडला होता. फळ्यांवर ओली राख, तिच्यात अर्धवट जळलेल्या पाचटाच्या काड्या. भिंतीशी कापडी खोळींतल्या हलग्या ओळीने टेकवलेल्या, एकीलाही झळ नाही. राखेच्या कडेने मुंग्या लागल्या होत्या. नव्या रंगमंचाला पहिला प्रेक्षक लाभला होता.

डॉ. समर्थ पन्नाशीला टेकलेले. लोण्याच्या रंगाचा रेशमी कुर्ता. बोलताना आधी स्वतःला ऐकत.

"आग पहिल्यांदा कुणी पाहिली?"

"मीच. पडदा बघायला आलो तर धूर. बादलीभर पाणी ओतलं."

"इथे कोण होतं?"

"तो म्हातारा. कानिफनाथ. सामान उतरवतात त्या मागच्या दाराने बाहेर पडताना मी पाहिला. मॅडम, यात शोधायचं काय? ही माणसं वाजवायच्या आधी हलगी जाळावर शेकतात. बाहेर फोटोच आहे. यांना माळ काय आणि रंगमंच काय, सारखंच."

"हलगीची बरीच माहिती आहे तुम्हाला."

"छापील. माझा विषय संस्कृत नाटक. आयुष्यात हलगीला हात लावलेला नाही." ते हसले. "कुलगुरूंना फोटोसाठी लोककला हवी होती. मी आधीच म्हटलं होतं, पाहुणे दिल्लीहून येणार, सुरुवातीलाच ही ढणढण नको."

"आता सुरुवातीला काय?"

"मोनिका मॅडमची नृत्यनाटिका."

त्यांच्या दालनात स्टेलाला दालनापेक्षा दारावरची पाटी जास्त आवडली. 'डॉ. समर्थ आर.' एवढंच. आडनाव नाही.

"आर म्हणजे?"

"आर म्हणजे आर," ते म्हणाले. "दक्षिणेत अशीच पद्धत आहे."

"तुम्ही दक्षिणेकडचे?"

"पद्धत आवडली म्हणून घेतली."

टेबलावर पाहुण्यांच्या स्वागताचं गूळ-पाणी मांडलं होतं. चांदीच्या ताटात गुळाचे खडे, वर जाळीचं झाकण. खडे बारकाईने रचलेले, बाहेरच्या फेरीत मात्र एक खाच पडलेली. ओळीतला एक दात पडावा तशी.

"चाखून पाहिला वाटतं कुणीतरी."

"शिपाई असतील. ही माणसं कशाला हात लावत नाहीत?" समर्थ म्हणाले.

"दालनाची किल्ली शिपायांकडे असते?"

"नाही, माझ्याकडे." आणि मग लगेच, "पण दार कधीकधी उघडं राहतं."

नृत्य विभागाच्या प्रमुख मोनिका रंगपटात आरशासमोर होत्या. मुली रांगेत मातीचे दिवे घेऊन उभ्या.

"काडेपेटी आहे तुमच्याकडे?"

"दिव्यांचं नृत्य आहे. काडेपेटी नसेल तर दिवे काय शिट्टीने पेटवू?"

"पहिला मान आता तुम्हाला मिळाला."

"मिळाला. मागितलाही होता, लपवत नाही. त्या ढणढणीनंतर आमच्या घुंगरांकडे कोण कान देणार?"

"सकाळी उजव्या विंगेत गेला होतात?"

"उभीही राहिले नाही. तिथे त्यांच्या हलग्या. चामड्याचा काय वास येतो, अहो. डोकं धरतं."

"आज आला?"

"येतोच की. मी तर इथपर्यंत नाक दाबून आले."

स्टेलाने मान हलवली. मग ती परत विंगेत गेली, एका हलगीची खोळ सोडली, आत पाहिलं, खोळ पुन्हा बांधली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ते हसू नव्हतं.

लिंबाखाली ती कानिफनाथांच्या समोर जमिनीवरच बसली. सुरक्षारक्षक खुर्ची आणायला धावला. "आता नको," ती म्हणाली. "सकाळी आणायची होती."

"आजोबा, जाळ कुणी लावला?"

"म्या लावला, बाई."

"कशाला?"

"हलगी शेकाया."

"कोणती हलगी?"

म्हातारा थबकला. "समद्याच."

त्याची नात सृष्टी पुढे सरकली. विशीतली, नाकात चमकी, हाताला हलगीच्या काठीचे घट्टे. "आज्जा, आरं कशाला तोंडावर खोटं—"

"तू गप ऱ्हा. मोठ्या मान्सांत बोलू न्हाई."

"मोठी मान्सं काय बोलत्यात ते ऐकूनच बोलती."

स्टेलाने तिला थांबवलं नाही. म्हाताऱ्याकडेच पाहत विचारलं, "आज काय वाजवणार होता?"

"पयली नावं. मंग हलगी." पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल झाला. "माझ्या थोरल्या भावाचं नाव जत्रंत पुकारलं, चावडीफुडं पुकारलं, उन्हात, धुळीत, कुत्री भुकत असताना पुकारलं. चांगल्या छपराखाली, खुर्च्यांवर बसल्याली मान्सं गप हुन ऐकत्यात असं कधी पुकारलं न्हाई. माझा दम आता सरत आला. म्हनलं यंदा घ्यावं. म्हंजी मी बी मोकळा, त्यो बी मोकळा."

"नाव काय भावाचं?"

म्हाताऱ्याने ऐकू न आल्यासारखा कानामागे हात नेला.

"सांगायचा न्हाई," सृष्टी म्हणाली. "हलगी गळ्यात नसताना गेलेल्याचं नाव घ्यायचं न्हाई, आमच्या घरची रीत हाय. नाव पुकारतानाच. आन् निस्तं नाव न्हाई, कुनाचा लेक आन् कुनाचा बाप, समदं."

"तुमच्या घरच्या रीती बऱ्याच दिसतात. हलगी शेकायचीही आहे का एखादी?"

"हुती. आधी जाळाला गुळाचा खडा द्यायचा, मंग हलगी दावायची. बाकीचे फड नारळ फोडत्यात. गूळ आमच्याच घरात."

म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले.

"'हुती' म्हणालीस."

"म्हंजी आता शेकतंय कोन—" सृष्टीचं वाक्य म्हाताऱ्याच्या नजरेने अडवलं.

स्टेला उठली, धूळ झटकली. सृष्टीला बाजूला घेऊन तिने एकच गोष्ट विचारली. "घरातलं कुणी शिकायला बाहेर पडलेलं?"

"थोरल्या आज्ज्याचा लेक. शिकाया गेला त्यो आलाच न्हाई म्हनं. बापाच्या मातीलाबी न्हाई. मी काय त्याला बघितल्याला न्हाई. आज्जा दर वर्साला पाऊस आला की त्याची वाट बघतो."

पाहुणे यायला थोडाच अवधी असताना स्टेलाने सगळ्यांना रंगमंचावर बोलावलं. कुलगुरू आले, गळ्यात आधीच एक हार. मोनिका आल्या. डॉ. समर्थ आले. कानिफनाथ सृष्टीचा हात धरून पहिल्यांदाच त्या फळ्यांवर चढले, आणि चढताना वाकून फळीला हात लावून तो कपाळाला लावला.

"लवकर आटपा," कुलगुरू म्हणाले. "म्हाताऱ्याने कबूल केलंय ना? माफी मागू दे, आपण उदार होऊ, विषय संपला. फोटोग्राफर आलाय."

"कबूल केलंय, म्हणून तर अडचण आहे," स्टेला म्हणाली. तिने एका हलगीची खोळ ओढून काढली आणि हलगी मोनिकांच्या हातात दिली. "वास घ्या."

मोनिकांनी नाक जवळ नेलं. काहीच आलं नाही. त्यांनी बोटाने टिचकी मारली, आणि त्यांचे कान लाल झाले.

"फायबर," स्टेला म्हणाली. "कडेला नट आहेत, पान्याने आवळायचे. पावसापाण्यात चामडं सैल पडतं, म्हणून बहुतेक फडांनी हे घेतलंय. जाळाजवळ नेलं तर पापडासारखं आक्रसेल. या सगळ्या हलग्या अशाच आहेत; बाहेरचा जाळाचा फोटो जुना आहे. म्हणजे ज्याने जाळ लावला त्याला ते माहीत नव्हतं. जत्रेत कधी उभा राहिला असता तर कळलं असतं."

"मग म्हाताऱ्याने आधी का नाही सांगितलं?" कुलगुरूंनी विचारलं.

"तेच मी स्वतःला विचारलं. एका वाक्यात सुटका होती. 'हलगी फायबरची हाय, शेकत न्हाई.' ते वाक्य या माणसाने गिळलं आणि गुन्हा अंगावर घेतला. परक्यासाठी असं कुणी करत नाही."

 माथ्यावर कुठेतरी वातानुकूलनाचं यंत्र घरघरत होतं.

"आता राखेकडे बघा. पाणी ओतलं तरी मुंग्या लागल्यात. खाली चिकट आहे. गूळ. शेकायच्या आधी जाळाला गुळाचा खडा द्यायची रीत फक्त यांच्या घराण्यात आहे. फोटोत ती दिसत नाही, पुस्तकात कुणी लिहिली असेल असं वाटत नाही. ज्याला नुसता देखावा करायचा होता, त्याला गूळ टाकायची काही गरज नव्हती. त्याने तो टाकला, कारण जाळ पेटवला की हात आपोआप गुळाकडे जातो, अशा घरात तो वाढला होता. डोकं खोटं बोलत होतं, हाताला ते जमलं नाही."

"पण त्यांच्या फडातला कुणीही—" समर्थ म्हणाले.

"फड फाटकाबाहेर होता. तुम्ही पासच दिले नव्हते. फक्त हलग्या आत आल्या, माणसं नाहीत. आजोबा मागच्या दाराने हलग्या नीट आहेत का बघायला आले, तेव्हा जाळ पेटलेला होता. गुळाचा वास आला, आणि ओळख पटली. ते बाहेर पडले, तुम्ही त्यांना पाहिलंत, आणि तुम्हाला आयता आरोपी मिळाला." ती त्यांच्याकडे वळली. "पाचट खाली खोपीतलं. गूळ तुमच्या बंद दालनातल्या ताटातला. घरातला एक मुलगा शिकायला गेला तो परतलाच नाही. आणि आडनाव तुम्ही दक्षिणेला पाठवून दिलंत."

समर्थ हसले, पण या वेळी आधी ऐकायला त्यांना वेळ मिळाला नाही. "ही कादंबरी आहे. आग लावून मला काय मिळणार होतं?"

"शांतता. यांच्याकडे गेलेल्याचं नाव नुसतं पुकारत नाहीत. कुणाचा लेक, आणि कुणाचा बाप. आज भरल्या सभागृहात भावाच्या नावामागे भावाच्या मुलाचं नाव आलं असतं. आणि पुकारताना आजोबांनी पहिल्या रांगेत, तुमच्याकडेच पाहिलं असतं."

"पण समर्थ," कुलगुरू गोंधळून म्हणाले, "तुमचे वडील तर काशीचे पंडित होते ना? तुम्हीच सांगितलं होतंत. मी भाषणात घातलंय ते."

मोनिका पहिल्यांदाच मनापासून हसल्या.

समर्थांनी कुर्त्याची बाही सारखी केली, मग दुसरी सारखी केली. उत्तर कानिफनाथांनी दिलं.

"काल आल्ता पुणतांब्याला. गाडी येशीबाहीर लावून चालत. लई वर्सांनी दारात हुबा ऱ्हायला, म्हनलं बस, तर बसला न्हाई. म्हनला, काका, एवढं नाव गाळा. लागंल ते देतो. म्या म्हनलं, बाबा, गाळल्याला मानूस दारातच हुबा ऱ्हातो, ना आत ना बाहीर. आज जाळ बघितला. वंगाळ वाटलं, न्हाई कसं. पर गुळाचा वास आला आन् बरंबी वाटलं. म्हनलं, हात इसरला न्हाई अजून." ते स्टेलाकडे वळले. "सोडा त्याला, बाई. पोर हाय."

"पोर पन्नाशीचं आहे, आजोबा. आग लावली, खोटी फिर्याद दिली आणि तुम्हाला फाटकाबाहेर जमिनीवर बसवून ठेवलं. गुन्हा नोंदवणार."

"पण आत्ता नको," कुलगुरू घाईने म्हणाले. "पाहुणे फाटकात आहेत. आणि समर्थ, तुम्ही माझ्या शेजारी बसू नका."

एवढ्यावरच त्यांची निष्ठा संपली.

अर्ध्या तासाने सभागृह भरलं. काळ्या कोपऱ्याचा पडदा दोन्हीकडे सरला, आणि दिल्लीच्या पाहुण्यांना ती जळकी कड म्हणजे नेपथ्यातली कल्पकता वाटली. त्यांनी तशी दादही दिली. मध्ये कानिफनाथ, गळ्यात हलगी. मागे सृष्टी आणि फड. उजव्या विंगेत, दोन हवालदारांच्या मध्ये, डॉ. समर्थ. त्यांच्या पायाशी मुंग्यांची रांग अजून चालू होती. स्टेला मागे भिंतीला टेकून उभी होती. तिला त्या माणसाची दया येत नव्हती, आणि ती आणायचा तिने प्रयत्नही केला नाही.

पहिली थाप धरतीमायला. दुसरी थाप गोदामायला.

म्हाताऱ्याने एकेक नाव पुकारलं. धोंडी, म्हसूचा लेक, सोनबाचा बाप. सोनबा, धोंडीचा लेक. मग तो थांबला. हलगीवर टेकलेली काठी उचललीच नाही. तोंड विंगेकडे वळवून, जेमतेम ऐकू जाईल असं म्हणाला, "ज्याचा बाप त्यानं पुकारावं. म्या न्हाई पुकारनार आता."

सभागृहात कुणीतरी खोकलं. कुलगुरूंनी घड्याळाकडे पाहिलं. सृष्टीने पायाचा अंगठा फळीवर घट्ट रोवला. म्हातारा हलला नाही. नाव अडलं होतं, हलगी अडली होती, त्याचं म्हातारपणही त्या एका नावापाशी अडून उभं होतं.

विंगेतला माणूस राखेकडे पाहत राहिला. मग त्याने तोंड उघडलं, आणि स्टेला भिंतीपासून ताठ झाली. तूप सगळं गळून गेलं होतं. वाळूतून पाणी झिरपत यावं तसा तो आवाज आला, तिने वडिलांच्या खांद्यावरून ऐकलेला, आणि त्याच जागी चिरला.

"रामहरी. सोनबाचा लेक. समर्थचा... बाप. ये रं ऐकायला."